हात उगारणारा माणूस उंबरठ्यावर थांबतो का?



बायकोला मारहाण करणाऱ्या माणसाविषयी शेजारीपाजारी बोलू लागले, की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं असं : ‘बाहेर अगदी देवमाणूस आहे हो, कुणाला अरे म्हणून बोलत नाही.’ आणि दुसरं असं : ‘तो मुळातच भडक डोक्याचा. सगळ्यांशीच भांडतो, मग बायकोशी भांडणारच.’ दोन्ही वाक्यं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पण त्यांचा शेवट मात्र एकाच ठिकाणी होतो : ‘त्यांच्या घरातली बाब आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?’

आज मला या दोन वाक्यांविषयी बोलायचं आहे. घरात हात उचलणारा पुरुष घराबाहेर कसा वागतो, हा प्रश्न गेली चाळीसहून अधिक वर्षं संशोधक विचारत आले आहेत. यातलं बरंचसं काम अमेरिकेत झालं, त्यामुळे माझी उदाहरणंही मुख्यतः तिकडची असतील. आपला कायदा काय म्हणतो, तेही शेवटी पाहू.

सुरुवातीला एक अडचण होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्त्री चळवळीने मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आधारगृहं सुरू केली आणि हा विषय चार भिंतींबाहेर आला. मरे स्ट्रॉस आणि रिचर्ड गेलिस या समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये कुटुंबातल्या हिंसेची देशव्यापी पाहणी केली. पण कुटुंबाचा अभ्यास करणारे घरात काय घडतं एवढंच विचारत आणि गुन्हेगारीचा अभ्यास करणारे रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यावर काय घडतं ते विचारत. म्हणजे एकाच माणसाची दोन खाती, दोन वेगवेगळ्या वह्यांत. या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, हे बराच काळ कुणाला सुचलं नाही.

जेफ्री फेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं. हे ‘हिंसक पुरुष’ आहेत की ‘हिंसक नवरे’, असा तो प्रश्न. मदत केंद्रांकडे आलेल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून त्यांना दिसलं, की मारहाण करणाऱ्या नवऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांना इतर हिंसेच्या प्रकरणांत आधी कधीतरी अटक झालेली होती. शिवाय जे बाहेर मारामाऱ्या करत, त्यांची घरातली मारहाणही अधिक गंभीर होती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. मदत केंद्रापर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांनी बहुधा जास्तच सोसलेलं असतं. त्यामुळे हा आकडा सगळ्याच नवऱ्यांना लावता येणार नाही.

पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, नॅन्सी शील्ड्‌स, जॉर्ज मॅकॉल आणि क्रिस्टिन हॅनेक यांनी पुरुषांचे तीन गट करून पाहिले. फक्त घरात मारणारे, फक्त बाहेर मारणारे आणि दोन्हीकडे मारणारे. आपल्याला सहज वाटेल, की दोन्हीकडे मारणारे हे घरात मारणाऱ्यांसारखे असतील. शेवटी दोघेही बायकोला मारतातच. निघालं उलटंच. दोन्हीकडे मारणाऱ्यांची राहणी, त्यांची व्यसनं, त्यांची कामधंद्याची स्थिती ही बाहेर मारामाऱ्या करणाऱ्यांशी जास्त मिळतीजुळती होती. फक्त घरात मारणारा माणूस मात्र चारचौघांसारखा, नोकरीधंद्यात स्थिर, रूढ अर्थाने ‘व्यवस्थित’ असा होता.

म्हणजे सुरुवातीला सांगितलेली शेजाऱ्यांची दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. फक्त ती वेगवेगळ्या माणसांविषयी असतात.

१९९४ मध्ये एमी होल्ट्‌झवर्थ-मन्रो आणि ग्रेगरी स्टुअर्ट या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन एकत्र करून एक वर्गवारी मांडली. या विषयात ती आजही पुन्हा पुन्हा उद्धृत होते. त्यांच्या अंदाजाने मारहाण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे पुरुष फक्त कुटुंबातच हिंसा करतात. सुमारे चौथा हिस्सा अशांचा, की ज्यांच्या मनात सतत असुरक्षितता असते, बायको सोडून जाईल या भीतीने ते पछाडलेले असतात, कमालीचे संशयी असतात. त्यांची हिंसा बहुतांशी घरात, पण क्वचित बाहेरही दिसते. उरलेला चौथा हिस्सा सरसकट हिंसा करणाऱ्यांचा. बायको, भाऊ, कामावरचा सहकारी, रस्त्यावरचा अनोळखी माणूस, कुणीही असो, हवं ते मिळवायचा त्यांचा मार्ग हाच. २००० साली याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक, मधला गट सापडला. तेव्हा हे कप्पे काही दगडावरची रेघ नव्हेत. माणूस एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊही शकतो.

याच सुमारास सिअ‍ॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात नील जेकबसन आणि जॉन गॉटमन यांनी एक वेगळाच प्रयोग केला. मारहाणीचा इतिहास असलेल्या जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांच्या नेहमीच्या वादाच्या विषयावर बोलायला सांगितलं आणि दोघांच्या हृदयाचे ठोके यंत्राने मोजले. वाद चढला की ठोके वाढणार, ही अपेक्षा. पण सुमारे २० टक्के पुरुषांचे ठोके वाद चढताना चक्क कमी झाले. तोंडाने ते आरडाओरडा करत होते, अपमान करत होते आणि आतून शांत होत होते. हे पुरुष घराबाहेरही अधिक हिंसक असल्याचं त्या अभ्यासात दिसलं. १९९८ मध्ये या दोघांचं पुस्तक आलं आणि अशा पुरुषांना त्यांनी दिलेलं ‘कोब्रा’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा ठोक्यांचा आणि बाहेरच्या हिंसेचा असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला नाही. म्हणून नाडी पाहून नवरा ओळखता येतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बाहेरही हिंसा करणाऱ्यांचा एक वेगळा गट असतो, हे मात्र अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेलं आहे.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. ‘बाहेर देवमाणूस.’ असा माणूस असतो, हे संशोधन मान्य करतं. प्रश्न असा, की त्याचा अर्थ काय लावायचा? आपल्याकडे अर्थ लावला जातो तो असा : एवढा शांत माणूस घरी मारतो म्हणजे बायकोच काहीतरी करत असणार, किंवा ऑफिसातला ताण बिचारा घरी काढतो. मला वाटतं, अर्थ नेमका उलट आहे. साहेबाने सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा या माणसाला राग आलाच होता. लोकलमध्ये धक्का बसला, तेव्हाही आला होता. तिथे त्याने हात आवरला. म्हणजे हात आवरणं त्याला जमतं. घरी तो आवरत नाही, कारण घरी त्याची किंमत मोजावी लागत नाही. ‘रागाच्या भरात हात उठला, भानच राहिलं नाही’ ही सबब या माणसाच्या बाबतीत त्याचं बाहेरचं चांगलं वागणंच खोटी ठरवतं. आणि तेच चांगलं वागणं त्याच्या बायकोच्या वाटेतली धोंड होतं. ती सांगायला गेली, तर सासर सोडाच, माहेरची माणसंही म्हणतात, ‘जावईबापू? शक्यच नाही.’

दुसरं वाक्य, ‘सगळ्यांशीच भांडतो’. इथे गोष्ट जिवावर बेतते, आणि केवळ बायकोच्याच नव्हे. अमेरिकेतल्या १६ राज्यांतल्या २००३ ते २००९ या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. जोडीदारावरच्या हिंसेतून घडलेल्या ३,३५० खुनी घटनांमध्ये ४,४७० माणसं मेली होती. त्यांतली साधारण पाचातली चार माणसं म्हणजे प्रत्यक्ष जोडीदार. पाचवा माणूस दुसराच कुणी. तिची आई, तिचा भाऊ, तिची मैत्रीण, सोडवायला आलेला शेजारी, बोलावलेला पोलीस, कधी नुसताच तिथून जाणारा.

५ नोव्हेंबर २०१७ रोजी टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज या छोट्या गावी रविवारची प्रार्थना चालू असताना एका माणसाने चर्चमध्ये गोळीबार केला. न जन्मलेलं एक मूल धरून २६ जीव गेले. त्या माणसाच्या बायकोच्या माहेरची मंडळी त्या चर्चमध्ये जात असत. आणि त्याचा पूर्वेतिहास काय? हवाई दलात असताना पहिल्या बायकोला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली होती. अशी शिक्षा झालेल्या माणसाला तिथे दुकानातून बंदूक घेता येत नाही. पण हवाई दलाने ही शिक्षा केंद्रीय नोंदवहीला कळवलीच नाही, आणि त्याने रीतसर दुकानातून बंदूक घेतली. २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली. घरातल्या मारहाणीची नोंद पुढे न पाठवणं किती महागात पडतं, याचा हिशेब एखाद्या न्यायालयाने टक्क्यांत मांडण्याची वेळ क्वचितच येते.

दुसरी घटना कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाची. १८ एप्रिल २०२०च्या रात्री पोर्टापिक या गावात एका माणसाने आपल्या जोडीदार स्त्रीवर हल्ला केला. ती निसटली आणि रात्रभर जंगलात लपून राहिली. त्यानंतर सुमारे १३ तास तो गावोगाव फिरत राहिला आणि २२ जणांना त्याने ठार केलं. या प्रकरणाच्या चौकशी आयोगाचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. त्या भागातल्या एका शेजारणीने २०१३ मध्येच त्याच्या मारहाणीविषयी पोलिसांच्या कानावर घातलं होतं, हे चौकशीत पुढे आलं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. जोडीदारावरची आणि कुटुंबातली हिंसा ही साथीच्या रोगासारखी मानून तिच्याशी लढलं पाहिजे, असं आयोगाने बजावलं.

ही एकेकटी उदाहरणं आहेत, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत २०१४ ते २०१९ या काळात चार किंवा अधिक माणसं मरण पावलेल्या ज्या ११० गोळीबारांची पुरेशी माहिती मिळाली, त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ६८ टक्के घटनांत हल्लेखोराने एक तर जोडीदाराला किंवा कुटुंबातल्या कुणाला मारलं होतं, नाही तर कौटुंबिक हिंसेचा त्याचा इतिहास होता.

इथे मला दोन इशारे द्यायचे आहेत. पहिला असा, की हा आकडा उलटा वाचू नये. बायकोला मारणारे बहुसंख्य पुरुष कधीही असं हत्याकांड करत नाहीत. कुणाच्या घरी भांडण ऐकू आलं म्हणून तो उद्या बंदूक घेऊन निघेल, असा निष्कर्ष काढणं चूक आहे. दुसरा इशारा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘हा माणूस उद्या आपल्यावरही उलटेल, म्हणून त्याची दखल घ्या’ असं म्हणताना आपण नकळत काय म्हणतो? त्याने फक्त बायकोलाच मारलं असतं, तर चाललं असतं. तसं नाही. घरातली बाई ही पहिली आणि पुरेशी फिर्यादी आहे. बाहेरच्यांना धोका असो वा नसो, तिच्यावर हात टाकणं हाच गुन्हा आहे. बाहेरच्या हिंसेचं संशोधन आपण वाचायचं ते तिची तक्रार अधिक गांभीर्याने घेता यावी म्हणून.

आणि ती घेता येते. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका. मूळच्या परिचारिका. मारहाण सोसणाऱ्या बाईच्या जिवाला कितपत धोका आहे, हे तिलाच प्रश्न विचारून ताडता यावं म्हणून त्यांनी एक यादी तयार केली आणि १९८६ मध्ये ती प्रसिद्ध केली. मारहाण वाढत चालली आहे का? त्याने कधी गळा दाबला का? घरात बंदूक आहे का? तो सतत संशय घेतो का? गरोदरपणी मारलं का? घराबाहेरही तो मारामाऱ्या करतो का? पुढे संशोधनानुसार ही यादी बदलत गेली. पण तिच्या आधाराने अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोलीस तक्रारीच्या जागीच बाईला ११ प्रश्न विचारू लागले, आणि धोका मोठा दिसला तर तिथूनच मदत केंद्राला फोन लावून तिच्या हाती देऊ लागले. गळा दाबण्याचा प्रश्न विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००८ च्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या बाईचा गळा जोडीदाराने पूर्वी कधी दाबला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा संभव सातपटीने अधिक होता. ‘गळ्यावर वळसुद्धा नाही’ म्हणून ही गोष्ट सोडून देण्याजोगी नाही.

आता आपल्याकडे येऊ. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात २९ टक्के आणि महाराष्ट्रात २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. हिंसा सोसणाऱ्या देशभरातल्या स्त्रियांपैकी चारातल्या तिघींनी कुणाचीही मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढणारी बाई त्यामुळे अपवादच. तिथेही तिची ‘एनसी’ घेऊन, नवऱ्याला चार शब्द सुनावून दोघांना घरी पाठवलं, तर दोन वह्यांचा तोच घोटाळा होतो. नवऱ्याच्या चौकातल्या मारामारीची नोंद एका पानावर, बायकोची एनसी दुसऱ्या पानावर. ही दोन पानं एकदा शेजारी ठेवून पाहायला कुठल्या परदेशी यंत्राची गरज नाही. ‘बाहेरही याच्याविरुद्ध काही तक्रारी आहेत का?’ एवढा एक प्रश्न ठाणे अंमलदाराने विचारला तरी पुरे.

आपला कायदा या बाबतीत आपल्या समजुतीच्या पुढे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नावात ‘कौटुंबिक’ असलं, तरी त्याचं कलम १८ उंबरठ्याबाहेरही जातं. संरक्षण आदेश देताना दंडाधिकारी त्या माणसाला बाईच्या कामाच्या ठिकाणी जायला मनाई करू शकतात. मुलगी शिकत असेल, तर तिच्या शाळेत जायला मनाई करू शकतात. आणि बाईचे नातेवाईक, तिच्यावर अवलंबून असलेले किंवा तिला मदत करणारी कुणीही व्यक्ती, यांच्यावर हिंसा करायलाही मनाई करू शकतात. म्हणजे सोडवायला गेलेल्या शेजाऱ्यावर हात पडू शकतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. हा आदेश मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याच कायद्याचं कलम ४ तर थेट तुमच्या-माझ्यासाठी आहे. कुठे अशी हिंसा घडते आहे असं मानायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. नातं असण्याची गरज नाही. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘उद्या आपल्यालाच कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील’ ही आपली नेहमीची सबब कायद्याने आधीच काढून टाकलेली आहे.

महाराष्ट्राकडे या कामाचा अनुभवही आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसते, ही त्यातली कल्पना. पुढे राज्यात इतरत्रही असे कक्ष निघाले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असं सांगणाऱ्या बाईला दवाखान्यातच कुणीतरी शांतपणे दुसरा प्रश्न विचारतं, हे त्याचं मोल.

शेवटी थोडं व्यवहाराचं. शेजारून मारहाणीचा आवाज आला तर काय करायचं? २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती. दारावरची घंटी वाजवा, दूध मागा, फोन करू द्या म्हणा, काहीही निमित्त काढा, पण तो हात क्षणभर थांबवा, असं ती सांगे. ही गोष्ट आजही उपयोगाची आहे. फक्त आपण जे संशोधन पाहिलं, त्याचा धडा तिला जोडायला हवा. हा माणूस बाहेरही हात उचलणारा असेल, तर एकट्याने दार वाजवू नका. चार जण मिळून जा, किंवा सरळ ११२ ला फोन करा. त्याला एकटं गाठून उपदेश करायला जाऊ नका. त्याचा राग तुमच्या पाठीमागे तिच्यावर निघेल. दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना, पाण्याला आली असताना, जिन्यात भेटली असताना तिला विचारा. ‘वहिनी, काल आवाज ऐकला. काही लागलं तर मी आहे’, एवढंसुद्धा पुष्कळ आहे. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक तिला पाठ करायला सांगा; मोबाइलमध्ये साठवलेला क्रमांक नवरा पाहू शकतो.

आणि तो ‘बाहेरचा देवमाणूस’ तुमचा मित्र असेल, कार्यालयातला सहकारी असेल, तर त्याच्या बायकोचं म्हणणं त्याच्या चांगुलपणाच्या तराजूत तोलू नका. तो तुमच्याशी चांगला वागतो, यातून एवढंच सिद्ध होतं की त्याला चांगलं वागता येतं.